टेकडीवरचं पांढरं छप्पर
उन्हाळा तोंडावर आला आणि आमच्या कंपनीच्या पत्र्याला पांढरा रंग मारायला घेतला की त्या वासानं मला चाकणजवळची ती टेकडी आठवते. प्लांट वाढवायचा होता आणि तोडायच्या झाडांवर रंगानं नंबर टाकायचं काम माझ्याकडे होतं. पावसाळा सरला होता, तरी सकाळी शेंड्यांवर एक ढग बसलेला असायचा; खोडं ओली, त्यामुळे रंग धरत नव्हता. गुरं घेऊन आलेले गावातले एक आजोबा बराच वेळ माझ्यामागून चालत होते. शेवटी म्हणाले, "ह्यो ढग झाडांच्या वाफंवर जगतोय, सायेब. त्येच्यावर न्हाई टाकला नंबर?" मी हसलो. "आजोबा, ढग थोडाच तोडायचाय!" ते हसले नाहीत. "ऊन वरच्या वर माघारी धाडतोय त्यो. आमचं पांढरं छप्पर हाय," एवढं बोलून ते गुरांमागं निघून गेले. त्याच वर्षी टेकडी सपाट झाली. आता तिथल्या शेडमध्ये दुपारी उभं राहवत नाही, म्हणून ऊन परतवायला मीच दरवर्षी पत्रा पांढरा करून घेतो. परवा नव्या रंगाऱ्यानं सहज विचारलं, "साहेब, हे शेड बांधायच्या आधी इथं काय होतं?" मी म्हणालो, "छप्पर."