दसऱ्याच्या तारखेचा येन

"मॅडम, या तारखेला येनचा रेटच नाही," साठे सर म्हणाले.

साठे सर आमच्या कस्टमरचे ऑडिटर. आमची कंपनी चाकणची, पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट बनवणारं प्रेस शॉप, सत्तर-एक माणसं. मी कॉस्टिंग बघते. आमचा बहुतेक माल या एकाच कस्टमरला जातो, म्हणजे तिथला ऑडिटर नुसता खोकला तरी आम्ही दचकतो.

आता हे येनचं प्रकरण काय, ते सांगते. आमची स्टीलच्या पत्र्याची कॉइल जपानहून येते आणि तिचे पैसे येनमध्ये द्यावे लागतात. येन रुपयापेक्षाही हलका, म्हणून आपल्याकडे त्याचा भाव शंभर येनला इतके रुपये असा सांगतात. हा भाव रोज हलतो. म्हणून करारात एक बेस रेट लिहून ठेवतात, सहीच्या दिवशीचा. दर तीन महिन्यांनी त्या काळातल्या भावांची सरासरी काढून बेस रेटशी ताडायची. येन महागला असेल तर कस्टमर पार्टमागे जास्त देतो, स्वस्त झाला असेल तर कापून घेतो. भाव धरायचा तो रेफरन्स रेट. तो बँकांच्या आपसातल्या सौद्यांवरून निघतो आणि बँका चालू असलेल्या दिवशीच जाहीर होतो.

आणि आमच्या करारावर सही झाली होती दसऱ्याला! आमचे मालक आबा मूळचे इथल्याच गावचे शेतकरी. मुहूर्त सोडून ते साधी मोटरही चालू करत नाहीत. दसऱ्याला बँका बंद असतात हे त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. कस्टमरच्या माणसानेही पेढा खात सही ठोकली होती.

साठे सरांनी जुन्या भावांची अख्खी यादी समोर ठेवली. आमचा आकडा आदल्या दिवसाशी जुळत नव्हता आणि नंतरच्या दिवसाशीही नाही. वर तो आदल्या दिवसापेक्षा चौदा पैशांनी कमी होता. बेस रेट कमी लिहिला की पुढे प्रत्येक तिमाहीत येन आहे त्याहून महागलेला दिसतो आणि आम्हाला जास्त पैसे मिळतात. गेली काही वर्षं ते मिळतच होते. बावळटपणाने केलेली चूक आणि ठरवून केलेली चोरी कागदावर अगदी सारखी दिसते हो.

एंट्री कोणी केली आणि आकडा कुठून आणला, ते जेवणानंतर लेखी द्या, असं ते शांतपणे म्हणाले. त्यांनी रिपोर्टमध्ये 'बनावट रेट' असे दोन शब्द लिहिले असते तर आमचा व्हेंडर कोड बंद. म्हणजे ऑर्डरी बंद, शिफ्ट बंद.  आणि तो आकडा मीच लिहिला होता.

सगळं लख्ख आठवत होतं. मशिनची पूजा चाललेली. अकाउंट्सचे जोशी काका नारळ फोडायला खाली गेलेले. आबा दारात उभे राहून मुहूर्त टळतोय म्हणून घाई करत होते. रेफरन्स रेट कुठे दिसेना, म्हणून मी मोबाइलवर एक वेबसाइट उघडली. तिथे कुठल्याही दिवसाचा भाव दिसतो, कारण जगात कुठे ना कुठे सौदे चालूच असतात. भाव म्हणजे भाव, असं वाटलं मला. प्रत्येक भाव कुणीतरी, कुठेतरी, कुठल्यातरी वेळेला ठरवलेला असतो, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

डबा उघडलाच नाही. आबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. आबांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

मग हळूच म्हणाले, "जोशी सोडून गेले न्हवं? त्यांचं नाव सांगा. त्यांना आता कोन इचारतंय? हितं सत्तर घरांचा सवाल हाय, मॅडम."

खोटं कशाला बोलू, मलाही तेच हवं होतं. जोशी काका रिटायर होऊन रहाटणीला लेकाकडे राहतात. त्यांना कळलंही नसतं. माझा फ्लॅटचा हप्ता आहे, मुलीची बारावी आहे. मिटिंग रूमपर्यंतचा पॅसेज वीस पावलांचा असेल, तेवढ्यात मी 'जोशी काका' हे दोन शब्द मनात दहा वेळा घोकले.

आत साठे सर पेन उघडून बसले होते. आबा माझ्या शेजारी बसले.

"कोणी लिहिला?"

 मी तोंड उघडलं, आणि ते नाव ओठाशी येऊनही बाहेर पडेना. ज्या माणसाने मला बेरजा तपासायला शिकवलं, त्याला चोर कसं म्हणायचं?

"मी लिहिला, सर," मी म्हणाले. "वेबसाइटवरून. दसरा होता, बँका बंद होत्या, आणि मला ते समजलं नाही."

साठे सरांनी बॅगेतून त्यांच्याकडची कराराची प्रत काढली आणि शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. बेस रेटची जागा पेनने भरलेली होती. शेजारी इनिशियल्स होती, नेमकी तेवढीच गोष्ट मी विसरले होते. माझी.

"मला सकाळीच माहीत होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं नाव आलं असतं, तर मी तुमचा कोड बंद करायची शिफारस करून निघालो असतो."

आबांनी रुमालाने मान पुसली.  खरी भीती मला तेव्हा वाटली, सगळं निभावल्यावर.

आदल्या कामाच्या दिवसाचा रेट धरून पुन्हा हिशोब झाला. जास्तीचे पैसे तीन बिलांमधून कापून गेले. कोड राहिला आणि माझी नोकरीही राहिली. आबांनी त्या केबिनमधल्या बोलण्याचा विषय परत काढला नाही, मीही काढला नाही.

धडा एवढाच, की दर लिहिला की तो कुठला, कोणत्या दिवसाचा, ते शेजारी लिहावं. दुरुस्त करारावर सही करायला आबांनी मुहूर्त काढला, तो निघाला पाडव्याचा. त्या दिवशीही बँका बंदच. या वेळी मी आदल्या कामाच्या दिवसाच्या रेटचा प्रिंटआउट कराराला जोडला आणि शेजारी, इनिशियल्स नव्हे, माझं पूर्ण नाव लिहिलं.