बंद केल्यावरही वाजणारी शिट्टी

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारी बाई एकच, शोभाताई बोरकुटे. ती हे काम वडिलांच्या दुकानात शिकली आणि ते गेल्यावर दुकानही तिनेच चालवलं. टेबलावर तिचा फंक्शन जनरेटर असायचा. लाइट गेली की शेजारचे लोक विचारायचे, त्याच्यावर पंखा चालेल का? ती हसून म्हणायची, "हा लाइट नाही देत गा, फक्त सूर देते."

खरंच तेवढंच त्याचं काम. आतलं सर्किट विजेचा दाब एका ठरावीक वेगाने वरखाली करत राहतं. एका बटणाने तो वेग बदलायचा, दुसऱ्याने जोर. लाट गोलसर हवी, चौकोनी की त्रिकोणी, तेही निवडायचं. मग ती लाट अ‍ॅम्प्लिफायरला द्यायची आणि पलीकडून ती तशीच, फक्त मोठी होऊन निघते का, हे लाट काढून दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघायचं. लाटेचे माथे चपटे दिसले, की दोष सापडला. शोभाताई पडद्याकडे बघायची, पण शेवटचा भरवसा कानांवर.

लग्नसराई जवळ आली होती. कामठीच्या एका मंगल कार्यालयाचा अ‍ॅम्प्लिफायर ती दुपारी तपासत होती, बारीक सूर लावून. चहा आला म्हणून तिने जनरेटर बंद केला.

शिट्टी चालूच राहिली.

तिने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. प्लग उपटला. तरी चालूच. तिने उजव्या कानात बोट घातलं, तर शिट्टी आणखी मोठी झाली. चहाला हात न लावता ती बसून राहिली.

नवरा नत्थूजी इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून परतला, तेव्हा ती तशीच बसलेली होती. "काहून अशी बसून राहिली वं?"

"तुमाले शिट्टी ऐकू येऊन राहिली का?"

"कुठची शिट्टी?"

"काही नाही," ती म्हणाली.

तो दुकानामागच्या घरात हातपाय धुवायला गेला तसा तिने जनरेटर पुन्हा चालू करून त्याला जोडलेला हेडफोन लावला. डाव्या कानात सूर वर वर चढत गेला, स्वच्छ. उजव्यात मात्र वरचा सूर जनरेटरचा की आपल्याच डोक्यातला, हे कळेना. मग तिने मॉड्युलेशन चालू केलं. त्यात एक संथ लाट सुराच्या वेगवान लाटेला हलवत राहते, त्यामुळे सूर किंचित वर, किंचित खाली असा थरथरतो. डोक्यातली शिट्टी तर सरळ होती. म्हणजे थरथर ऐकू आली, तर तो सूर जनरेटरचा.

खालच्या सुरांत थरथर होती. ती बटण फिरवत गेली, तशी थरथर विरत गेली आणि शेवटी नुसती सरळ शिट्टी उरली. समोर पडद्यावर लाट मात्र जोरात नाचत होती.

तिला वडील आठवले. म्हातारपणी ते ठार बहिरे झाले होते. कोणी काहीही म्हटलं की हसून मान हलवायचे. एकदा त्यांना कोणाच्या तरी मरणाची बातमी सांगितली, तेव्हाही ते हसले होते. आपलंही तसंच होणार, या धास्तीने तिने कोणालाच काही सांगितलं नाही. गिऱ्हाईक बोलू लागलं की ओठांकडे बघायची.

मग एका संध्याकाळी रस्ता ओलांडताना नत्थूजीने तिला दंड धरून मागे खेचलं. हॉर्न तिला डावीकडचा वाटला होता; उजवीकडून आलेला टेम्पो तिला घासून गेला.

"एवढा हॉर्न वाजवून राहिला तो! बहिरी झाली का वं?"

"हो," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात रडू लागली.

नत्थूजीने तिला तिथूनच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मुग्धाने तिला काचेच्या खोलीत बसवून हेडफोन दिला. "कानात शिट्टी आहे ना? मग थरथरता सूर देते. ऐकू आला की बटण दाबा."

शोभाताई डोळे मिटून वाट बघत राहिली. उजव्या कानाची पाळी आली आणि सूर चढत गेले तसं तिचं बोट बटणावर नुसतंच टेकून राहिलं.

"असं अचानक झालं तर त्याच दिवशी यायचं असतं," डॉक्टर म्हणाली. "उपचार आजच सुरू करू. पण खात्री नाही देता येत."

"अन् दुसरा कान?" शोभाताईने विचारलं.

"तो चांगला आहे. त्याला जपा."

गोळ्या सुरू झाल्या. ते दिवस सर्वांत वाईट. नत्थूजी उगाचच तिच्या उजव्या बाजूने हळूच हाक मारून बघायचा आणि तिने वळून पाहिलं नाही की डाव्या बाजूला येऊन पुन्हा हाक मारायचा. उजव्या कानात हळूहळू बोलणं परत आलं, हॉर्न परत आले. सगळ्यात वरचे सूर नाही आले. शिट्टी बारीक झाली, पण गेली नाही.

शोभाताई आजही दुकान चालवते. मोठा आवाज तपासायचा असला की कान झाकून घेते आणि पडद्यावरच भिस्त ठेवते. पण सकाळी शटर वर केल्यावर ती क्षणभर उंबऱ्यावरच थांबते. बाजाराचा गलका डाव्या कानात नीट पोचला, की मगच आत पाऊल टाकते.