मालकाबिगर मोजलेली रास

मी दुसरीपर्यंतच शिकली, तवा लिवन्यात चुका होतीन. पन हे मनात ठेवलं तं जीव गुदमरते.

आमच्या घरचे, म्हंजे माझे धनी, अनसिंगकडचे कास्तकार. सोता वखर हाकत, सोता बैल धूत. मंग लोकायनं यायले निवडून देलं अन् हे दिल्लीच्या मोठ्या सभेत गेले, तिथं सरकारपुढं कापसाच्या भावाचं बोलाले. गावातल्या बाया मले मेंबरीन म्हनून चिडवत. मी हासो, पन दिल्ली किती दूर हाये हेच मले मालूम नव्हतं.

त्या साली सभेचं बलावनं आलं तवा आमची जवारी खळ्यात होती. उपनून झाली, रास लागली, अन् मोजाच्या आंधीच यायले जा लागलं. आमच्याकडं रास मालकच मोजते. पूजा करून पयली पायली तोच भरते, तवर कोनी हात लावत नाई. ज्या घरचा मालक मेला, त्याच घरची रास दुसऱ्याच्या हातानं मोजतेत. म्हनून आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हनल्या, पोरगा आल्यावरच मोजू. रास तशीच उघड्यावर राह्यली.

एका दुपारी आभाळ काळं होऊन आलं, थंडा वारा सुटला, अन् सालदार गडी धावत आला, पलीकडच्या शिवारात गारा पडून राह्यल्या म्हने. वर्साचं खानं व्हतं ते. आत्याबाई उंबऱ्यातून हालत नव्हत्या. मी तान्ही पोरगी पदरात गुंडाळली अन् उठली.

“आत्याबाई, रास गेली तं खाचं काय?”

“अन् त्याले काही झालं तं? कुकू तुझं हाये, पोरी.”

तरी मी गेली. सालदारानं पोतं धरलं, मी पायली राशीत घातली, अन् मनात म्हनलं, देवा, हे मी त्यायच्या नावानं भरून राह्यली, त्यायच्या जागी नाई. मंग भरतच गेली, पोरगी रडे, मी भरो. शेवटची बैलबंडी घरात आली अन् टिनावर गारा वाजाले लागल्या.

जवारी वाचली. पन आत्याबाईनं त्या पोत्यायले हात लावला नाई. जुनीच जवारी पुरवून पुरवून दळली, मंग भरडून कन्या रांधल्या. माझ्याशी बोलनंही कामापुरतं. दिल्लीहून काहीच खबर नाई. डाकवाला गल्लीत दिसला का मी कवाडामागं जाओ, अन् सकाळी कुकू दोनदा ठसवून लावो.

एका सांजेले हे आले. वाळलेले, डोळे खोल गेलेले, पन आले. आंघोळ करून पाटावर बसले तं ताटात कन्या. यायनं इचारलं, नवी जवारी काहून नाई दळली? आत्याबाईनंच सारं सांगतलं, गारायचं, राशीचं, अन् पयली पायली कोनं भरली ते.

हे खाली मान घालून आयकत राह्यले. मंग ताट बाजूले सारलं.

“माय, त्याच जवारीची भाकर दे मले.”

मी पोतं सोडलं, जात्यावर बसली. हात चालत नव्हता. आत्याबाई उठल्या, समोर येऊन बसल्या, अन् माझ्या हातासंग त्यायनं खुंटा धरला. आमी दोघी दळत राह्यलो, अन् हे तिकडं पाटावर उपाशीच बसून राह्यले, भाकर होयेपर्यंत.