शिंदीची नऊ झाडं

आमच्या गावाशेजारी तेरणेचं जुनं वळण आहे. नदी आता तिथून वाहत नाही, पण पाणी आहे. त्या तळ्याची गोष्ट निघाली की लोक माझं कौतुक करतात. मी शेजाऱ्याला तुरुंगातून सोडवलं म्हणतात. आजवर मी ते ऐकून घेतलं. ते खोटं आहे, आणि खरं जे घडलं ते यापेक्षा फार चांगलं होतं.

निजामाचं राज्य जायला दोन-तीन वर्षं उरली होती. नदी तोवर घोड्याच्या नालासारखा मोठा वळसा घ्यायची. नालाच्या आत शेजाऱ्याचं रान. तिथं जायची वाट म्हणजे नालाच्या दोन टोकांमधली चिंचोळी पट्टी, चाळीसेक पावलं रुंद. पट्टीच्या वरच्या अंगाला, अगदी काठावर, शिंदीची नऊ झाडं होती. झाडं सरकारची. शिंदीची दारू काढायचा मक्ता सरकार द्यायचं, म्हणून आबकारी खात्यानं प्रत्येक खोडावर नंबर कोरला होता. त्यांना कुऱ्हाड लावणं गुन्हा होता.

माझं रान त्या झाडांच्या बरोबर समोर, पलीकडच्या काठाला. नदी वळते तेव्हा बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठाला गाळ टाकते. पट्टीपाशी ती आधी उलट्या अंगाला वळायची, म्हणून तिथं खाल्ला जाणारा काठ शेजाऱ्याचा होता, गाळाचा माझा. उन्हाळ्यात त्या गाळात माझ्या काकड्या नि टरबुजं जोरात यायची. मला हाव सुटली. दगड आणि बाभळीच्या फांद्या रचून मी पाण्यात आडवा बांध घातला. काट्यांत गाळ अडकायचा आणि दर पावसाळ्यानंतर माझं रान चार पावलं पुढं सरकायचं. बांधानं लोटलेलं पाणी समोरच्या पट्टीवर धडका देत होतं, तेही मला दिसत होतं. चाळीस पावलांची पट्टी वीसवर आली, मग दहावर.

शेजाऱ्याची बायको कानडी मुलखातली. गाव तिला अव्वा म्हणायचं. ती मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ.

"तम्मा, तुझं रान लई पळतंय की," एकदा ती समोरच्या काठावरून म्हणाली. "आमचं बसून ऱ्हातंय, म्हणून नदी खातीय त्याला."

मी हसण्यावारी नेलं.

भाद्रपदातल्या पुरात सकाळी झाडं कोसळली आणि दुपारी पट्टी फुटली. मी माझ्या काठावरून दोन्ही पाहिलं. एवढा वळसा सोडून नदी सरळ निघाली आणि जुन्या वळणातलं पाणी मंदावत जागच्या जागी उभं राहिलं. नव्या धारेनं त्याच्या दोन्ही तोंडांशी वाळू नि गाळ टाकला. दिवाळीपर्यंत ती बुजली. वळणाचं तळं झालं.

थंडीत आबकारीचा दरोगा झाडं मोजायला आला. एकही सापडलं नाही. शेजाऱ्यानं झाडं तोडून विकली आणि झाडं गेली म्हणून काठ फुटला, असं त्यानं ठरवून टाकलं. शेजाऱ्याला चावडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी त्याला तालुक्याला नेऊन कोठडीत घालणार होते. समोरच्या रानाचा म्हणून मला पंच केलं आणि विचारलं, झाडं पडताना पाहिली का? पाहिली म्हणावं तर काठ का खचला हे निघणार, आणि माझा बांध तर अजून पाण्यात उभा होता.

"माझं ध्यान नव्हतं, साहेब," मी म्हणालो.

अव्वा चावडीच्या पायरीखाली उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"झाडं घरातच हाईत, साहेब."

"कुणाच्या घरात?"

"नदीच्या जुन्या घरात. चला, दावते."

दरोगा हसला. "बाई, पुरानं नेली असती तर झाडं एव्हाना मांजरा नदीत पोचली असती."

"झाडं आधी पडली, पट्टी मागनं फुटली. झाडं वळणात शिरली आन् नदीच निघून गेली. मग त्यास्नी पुढं ढकलायला कोण व्हतं?"

दरोगा उठला. सगळं गाव तळ्यावर गेलं. अव्वानं मधोमध बोट दाखवलं. "त्यो बगळा बघा. पाण्यावर उभा ऱ्हातोय व्हय बगळा?"

दोर आले, बैल आले. पाण्यात उतरायला माणसं हवी होती. अव्वा सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तम्मा, तोंड तर उघडलं न्हाईस. आता दोर तरी धर." लोक हसले. मी गार पाण्यात उतरलो.

पहिलं झाड मुळांच्या गड्ड्यासकट वर आलं. खोडावर नंबर स्वच्छ होता.

"तोडलेल्या झाडाचं मूळ भुईत ऱ्हातंय," अव्वा म्हणाली. "का आबकारीत येगळं असतंय, साहेब?"

दुसरं आलं, तिसरं आलं. लोक मोठ्यानं मोजू लागले. नववं गाळात रुतलं होतं, बैल दमले. तेव्हा दरोग्यानं टोपी काढून शिपायाकडं दिली आणि स्वतः दोराला हात घातला. झाड निघालं तेव्हा तोही आमच्याइतकाच चिखलानं माखला होता आणि हसत होता.

दरोग्याच्या कारकुनानं, मुनशीनं, पंचनामा उर्दूत लिहिला. त्यात घातलं, झाडं पंचानं दाखवली, म्हणजे मी. बाईमाणसाचं नाव कागदात कशाला, म्हणाला. मी मुकाट्यानं सही केली. गावात जी गोष्ट सांगतात ती त्या कागदातून आली. खरं असं आहे: पट्टी माझ्या बांधानं फोडली आणि झाडं अव्वानं शोधली. माझा बांध तळ्याच्या काठावरून सगळ्यांना दिसेल असा होता. तिनं त्याच्याकडं बोट केलं असतं तर नवरा तेव्हाच सुटला असता आणि मी अडकलो असतो. तिनं ते केलं नाही, आणि तरीही ती जिंकली.

संध्याकाळच्या आत शेजारी सुटला. पट्टीच्या जागी आता गुडघाभर पाणी वाहत होतं. दोघं त्यातून आपल्या रानाकडं निघाली. ती पुढं, तो मागं. काठावर ओळीनं नऊ झाडं पडली होती आणि कुणीतरी हलगी आणून वाजवायला सुरुवात केली होती.