पांढराच घोडा

कसब्यातल्या मंदाकिनीबाईंना घोड्याचं काडीचंही वेड नव्हतं. बासष्ट वर्षं घोड्याशिवाय सुखात गेली होती. पण शेजारच्या वेणूबाई नवऱ्याबरोबर बालीला जाऊन आल्या आणि तिथल्या समुद्रकाठी घोड्यावर बसलेला त्यांचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर आला. तपकिरी घोडा, मागे निळंशार पाणी, डोक्यावर गवताची टोपी. मंदाकिनीबाईंनी अंगठा टाकला आणि विषय मिटवला.

मिटला असता हो! पण त्यांच्या अनंतरावांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, "वा! काय ऐटीत बसल्यात!"

आता हे अनंतराव कोण, तर अडतीस वर्षांत बायकोच्या पुरणपोळीला "खाण्यासारखी झालीय" यापलीकडे न गेलेले गृहस्थ. पैठणी नेसून समोर उभं राहिलं तर "उशीर होतोय" म्हणणारे. त्यांच्या तोंडून "वा"! आणि तोही शेजारणीला!

त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. अनंतराव निमूट जेवले.

"मलाही बसायचंय," चौथ्या दिवशी मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"घोड्यावर. समुद्रावर."

"गुडघ्यांना विचारलंस?"

"गुडघे माझे आहेत. तुम्ही तिकिटं काढा."

स्वारगेटहून सकाळची एसटी धरून दोघं दिवेआगरला पोचली. ताम्हिणी घाट आला नि गेला, बाईंच्या डोळ्यांपुढे आपला तपकिरी घोडाच. किनाऱ्यावर राहिल नावाचा घोडेवाला दोन जनावरं घेऊन उभा होता. लगाम धरून तो चालणार, आपण नुसतं वर बसायचं.

"काकू, ही तपकिरी घोडी घ्या. गरीब आहे. पाळण्यात बसल्यासारखं वाटेल."

"तपकिरीवर काय, कुणीही बसतं. मला तो पांढरा."

"तो वरातीचा आहे, काकू. लग्नसराई संपली म्हणून इकडे आणलाय. बँड ऐकला की तो..."

"इथे कोण बँड वाजवतंय? पांढराच!"

स्टुलावर चढून, राहिलच्या खांद्याला धरून, गजाननाचं नाव घेत बाई एकदाच्या वर पोचल्या. अंगात खास लक्ष्मी रोडवरून आणलेला पंजाबी ड्रेस. पाठ ताठ, मान वेणूबाईंपेक्षा चार बोटं वर.

"अहो, व्हिडिओ चालू करा!"

पन्नासेक पावलं झकास गेली. मग पुढे सहलीला आलेल्या पोरांनी मोठा स्पीकर लावला आणि त्यातून लग्नाचा बँड सुरू झाला. घोड्याने कान टवकारले. एक पाय उचलला, मग दुसरा, आणि मंदाकिनीबाईंना घेऊन जागच्या जागी नाचायलाच लागला! राहिल "बस बेटा, बस" म्हणतोय, पोरं नवरदेवासमोर नाचावं तशी गोल धरून नाचतायत आणि वरून बाई ओरडतायत, "अहोऽ! अहोऽ!"

आणि अहो? अहो पोट धरून हसत होते. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

गाणं थांबलं तसा घोडाही थांबला.

"काय जनावर आहे!" अनंतराव घोड्याची मान थोपटत म्हणाले. "काय ताल आहे! वा!"

बाईंच्या अंगाची लाही झाली. शेजारीण परवडली. आता घोड्याचाही हेवा करायचा?

"अहो, वर मीही आहे."

"दिसतेस ना. एवढा नाचला बिचारा, तरी पडली नाहीस. कमाल आहे तुझी."

परतीच्या एसटीत या वाक्यावर बाईंचं पुष्कळ चिंतन झालं. माणगावपर्यंत ते कौतुक वाटत होतं, पौड येईपर्यंत टोमणा.

दुसऱ्या दिवशी वेणूबाई विरजण मागायला आल्या. बाईंनी स्वतःहूनच व्हिडिओ लावून फोन पुढे केला. हसायचंय ना, एकदाच हसून घे! वेणूबाई हसल्याही. मग हळूहळू गप्प झाल्या. चित्र गदागदा हलत होतं आणि मागून एक पुरुष खदखदून हसत होता.

"हे अनंतराव हसतायत?"

"मग कोण?"

"म्हणजे ते बरोबर आले होते? पाण्यापर्यंत?"

"शेजारून चालत होते, चपला हातात घेऊन. का हो?"

वेणूबाईंनी फोन खाली ठेवला. "काही नाही. आमचे हे तिथे एसीतून बाहेर पडलेच नाहीत. माझा फोटो घोडेवाल्याने काढला. खोलीत जाऊन दाखवला, तर म्हणाले, सरक जरा, मॅच चालू आहे."

मंदाकिनीबाईंना वाईट वाटलं. वाटायला नको का? शेजारधर्म आहे. चांगलं मिनिटभर वाटलं. मग त्यांनी वेणूबाईंसाठी चहा टाकला, साखर चमचाभर जास्तच घातली आणि फोन परत त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "आवाज मोठा करून बघा ना. असं नीट ऐकू येत नाही."