सबंध गिळायची गोळी

आमच्या सासूबाई, कृष्णाबाई, यांच्या तोंडून पहिल्यांदा 'चालल', म्हणजे चालेल, हा शब्द ऐकला तेव्हाच मला धडकी भरली. विरारजवळ आगाशी-नंदाखालच्या पट्ट्यात त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी: सुकेळी आणि नावं ठेवणं. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून त्या सुकेळी करत, आणि जिभेवर ठेवून पसंत पडल्याशिवाय एक पुडकं अंगणाबाहेर जाऊ देत नसत. नावं ठेवण्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. लग्नानंतर मी केलेल्या पहिल्या चहाला त्या 'गरम पानी' म्हणाल्या होत्या. विरारच्या फ्लॅटात वाढलेली मी, माझंही नाक काही कमी वर नव्हतं. आमचं छान जमायचं, म्हणजे रोज भांडण व्हायचं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्या गप्प झाल्या. कारण विचाराल तर काहीच नाही. घरात सगळं ठीक होतं. आमटी खारट झाली तरी चालल, गाईने अळू खाल्लं तरी चालल. दुपारपर्यंत अंथरुणात पडून राहायच्या. सासरे, रामनाथ, दृष्ट काढून थकले. शेवटी शेजारच्या क्लेमेंटीनबाईंनी असंच होऊन बऱ्या झालेल्या आपल्या भावाचं उदाहरण सांगितलं आणि आम्ही विरारला डॉक्टर ॲन्सेल्म यांच्याकडे गेलो. त्यांनी हा नैराश्याचा आजार आहे असं स्वच्छ सांगितलं. सासऱ्यांनी मान खाली घातली, मी नाही घातली. ताप येतो तसं हेही येतं, त्यात लाजायचं काय?

पहिल्या औषधाने त्या दिवसभर पेंगायला लागल्या, म्हणून डॉक्टरांनी दुसरं दिलं, ब्युप्रोपियॉन. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं, ते माणसाला 'ऊठ, कर' म्हणून ढकलतं, आणि ही गोळी ते जास्त वेळ टिकवून धरते, असं त्यांनी समजावलं. सकाळी एक घ्यायची. तोंड कोरडं पडेल, झोप थोडी कमी होईल, काही वेगळं वाटलं तर लगेच सांगा, असंही बजावलं.

काही दिवसांत सासूबाई उठल्या खऱ्या, पण भलत्याच उठल्या. पहाटेच्या अंधारात अंगण झाडायला लागल्या. न्याहारीनंतर छाती धडधडायची, हात इतके थरथरायचे की केळं सोलताना गर चिरडायचा. त्यात तोंडाची चव गेली. गोड, खारट, सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणायच्या. आणि पाऊस सरून सुकेळीचे दिवस तोंडावर आलेले. गोळी सोडली तर त्या पुन्हा अंथरुणाला खिळणार, घेतली तर हात आणि जीभ दोन्ही जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. मला फार भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते, म्हणून घरात सगळ्यांवर चिडत होते.

पुन्हा विरार गाठलं. सासूबाईंनी खुर्चीत बसता बसताच निकाल दिला.

"डॉक्टर, आधी माझी जीभ परत आना. मंग गोलीचं बोला."

डॉक्टर विचारात पडले. एवढ्याशा मात्रेला इतका त्रास का, हे त्यांनाही उमगेना. ते कागदपत्र चाळत असताना सासूबाईंच्या लक्षात आलं की घाईत सकाळची गोळी राहिली. त्यांनी पिशवीतून वाटी काढली, एक केळं काढलं, गोळी वाटीत टाकली आणि टेबलावरच्या तांब्याच्या बुडाने कराकरा चिरडायला घेतली. आमच्या घरात औषध असंच घेतात. माझ्या नवऱ्याची डोकेदुखीची गोळी असो की पाहुण्याची तापाची, भुकटी करायची, पिकल्या केळ्यात कालवायची, की झालं. मला त्यात काही नवल वाटलं नाही. डॉक्टर मात्र खुर्चीतून उठलेच.

"मावशी, रोज अशीच घेता?"

"मंग? सबंध गोली नरड्यात अडकते. घरची पिकली केली हायत, ती कशाला?"

डॉक्टरांनी वाटी हळूच आपल्याकडे ओढली. ही गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते, ते म्हणाले. चिरडली की सगळं औषध एकदम अंगात जातं. हाताचा कंप, धडधड, उडालेली झोप त्यामुळेच असणार. याने आकडीसुद्धा येऊ शकते. गोळी कशी घेता हे मी आधीच विचारायला हवं होतं, असंही ते म्हणाले. आजची राहू द्या, उद्यापासून सबंध गिळा. नाहीच जमलं तर दुसरं औषध आहे, आणि आपल्या मनाने मात्र काही बंद करायचं नाही.

सबंध गिळणं हे आमच्याकडे महाभारत झालं. पहिल्या सकाळी त्यांनी गोळी केळ्याच्या फोडीत खुपसली. पण केळं जिभेवर आलं की त्यांचा जबडा हलणारच, जन्माची सवय. मी ओरडले, त्यांनी फोड थुंकली आणि मला चार शब्द सुनावले. शेवटी सासऱ्यांनी दाट पेजेची वाटी पुढे केली. पेजेच्या घोटाबरोबर गोळी सुळकन उतरली, आणि सासूबाई माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू गोळी मीच अडवून धरली होती.

हातांचा कंप ओसरला, झोपही लागू लागली. तोंडाचा कोरडेपणा थोडा राहिला, त्यासाठी कमरेला लवंगांची पुरचुंडी आली. जीभ मात्र येईना. दिवस निघून चालले होते, म्हणून सुकेळी मी आणि सासऱ्यांनी घातली. सासूबाई ओटीवरून नुसत्या बघत बसायच्या. आतून मी खचत चालले होते.

एका दुपारी मी वाळलेली सुकेळी पानात बांधायला बसले. सासूबाई उठून आल्या, एक तुकडा मोडला आणि चावत राहिल्या, बराच वेळ. मग कपाळाला आठी पडली. किती महिन्यांनी बघत होते ती आठी.

"कोनी काढलं ह्ये उन्हातून?"

मीच, म्हटलं.

"आत कच्चं लागतंय. परत घाल उन्हात."

माझे डोळे भरून आले. ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी उगाच वाद घातला. म्हटलं, एवढं काय आई, चालेल की.

"नाय चालनार," त्या म्हणाल्या, आणि चटई स्वतःच उन्हात ओढत घेऊन गेल्या.