गंधमुक्तीच्या पत्रिकेतली एक ओळ

नव्वदच्या दशकात जळगावात माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका सगळेच करायचे. माझं नाव झालं ते गंधमुक्तीच्या पत्रिकांनी. माणूस गेल्यावर दिवसांचा जो कार्यक्रम होतो त्याला आमच्या खान्देशात गंधमुक्ती म्हणतात, आणि त्याची पत्रिका गावोगाव जाते. वर गेलेल्या माणसाचा फोटो, खाली शोकाकुल भाऊबंदांची यादी. ही यादी कधी एका बैठकीत पुरी होत नाही. प्रूफ बघायला चौघं येतात आणि प्रत्येकाला आपल्या बाजूचा कुणीतरी राहिलेला सापडतो.

कॉम्प्युटरवर फोटो मजकुराच्या ओळीला बांधलेला असायचा, त्यामुळे नाव वाढलं की फोटोही खाली सरकायचा. एकदा चार पुतणे वाढले आणि एका आजीचा फोटो थेट दुसऱ्या पानावर जाऊन बसला. तिच्या मुलाने मला विचारलं की माझ्या आईला बाहेर का काढलं. मला त्याचाच राग आला. तेव्हा मला फार पटकन राग यायचा, आणि चूक माझी असली की जरा जास्तच.

पुढे पंधरा दिवस मी त्या कॉम्प्युटरशी भांडलो. शेवटी सापडलं. चित्राने मजकुराबरोबर हलावं अशी एक बारीकशी खूण असते. ती काढून टाकायची आणि फोटोची उंची ओळीपासून नाही, कागदाच्या काठापासून मोजायची. मग खाली काहीही घाला, फोटो जागचा हलत नाही. तसा एक कोरा नमुनाच मी करून ठेवला. फोटोची चौकट, तारखेची जागा, भाऊ, मुलगे, पुतणे, नातू, जावई, सगळं जिथल्या तिथे.

हे सापडलं तेव्हा मोठी बहीण, आमची अक्का, डबा घेऊन दुकानात आली होती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि एंटर दाबत राहायला सांगितलं. तिने वीसेक वेळा दाबलं. खालची नावं पळत गेली, वरच्या फोटोतले फेटेवाले आजोबा तिथेच. अक्का म्हणाली, म्हातारा काही हटत नाही बुवा. कितीतरी दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं.

अक्काला नवऱ्याने टाकून आठ वर्षं झाली होती. ती आमच्याकडेच असायची. वडिलांना, म्हणजे आबांना, अर्धांगवायू झाला तेव्हापासून त्यांचं सगळं तिनेच केलं. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, चिडले की ऐकून घेणं. मी दुकान आहे म्हणून सुटायचो.

आबा गेले. तिसऱ्या दिवशी मी माझाच नमुना उघडला आणि चौकटीत त्यांचा फोटो बसवला. यादी भरत जावयांपर्यंत आलो आणि थांबलो. मुलींची नावं आमच्याकडे पत्रिकेत नसतात, जावयाच्या नावात मुलगी आली असं धरतात. आमचा जावई तर आबांना खांदा द्यायलाही आला नव्हता. मी ती ओळच काढून टाकली.

अक्का माझ्या मागे उभी होती. हळूच म्हणाली, "भाऊ, त्या जागेवर माझं टाक ना. मुलगी म्हणून."

इतक्या वर्षांत तिने मागितलेली ही एकच गोष्ट. आणि मला दिसले ते गावाकडचे भाऊबंद, सगळ्यांत आधी थोरले काका, नाना. पत्रिका हातात घेऊन ते विचारतील, पोरीचं नाव कसं, जावई कुठे. मला ती चर्चा नको होती. मी पडद्यावरून नजर न काढता म्हणालो, "जागा नाही अक्का. एक ओळ वाढली तर फोटो सरकेल."

कागदाच्या तळाशी चार बोटं जागा मोकळी होती. ती तिलाही दिसत होती. ती बरं म्हणाली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या पत्रिकांच्या घड्या तिनेच घातल्या.

गंधमुक्ती नरडाण्याजवळच्या आमच्या गावी झाली. जेवणाची पंगत बसली होती, अक्का तांब्या घेऊन पाणी वाढत होती. नानांनी खिशातून पत्रिका काढली, चष्मा लावून यादी शेवटपर्यंत वाचली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "पोरनं नाव काब्र नही टाकं रे? आबानं बठ्ठं तं तिनीच करं."

पोरीचं नाव का नाही टाकलं, आबांचं सगळं तर तिनेच केलं, असं ते विचारत होते. ज्यांना भिऊन मी ते नाव गाळलं, तेच ते नाव शोधत होते. तेवढ्यात अक्का माझ्या ताटापाशी आली.

"जागाच नव्हती, नाना," ती म्हणाली. "फोटो सरकी जाता."

नानांनी मान हलवली. त्यांना हे खरं वाटलं. अक्काने माझ्या पेल्यात पाणी ओतलं आणि ती पुढच्या ताटाकडे गेली. तिने माझ्याकडे पाहिलं असतं, रागाने पाहिलं असतं, तरी मी मोकळा झालो असतो.

अक्का आता नाही. मी तिची माफी मागितली नाही. दरवेळी वाटायचं, मागितली तर मी खोटं बोललो हे मला तोंडाने म्हणावं लागेल, आणि तिने तर ते माझ्यासाठी चारचौघांत खरं करून ठेवलं होतं.